सूची कोणत्या रकान्यात? नागपुरातल्या ग्रंथपालांच्या संशोधनाची पार्श्वभूमी

दोन-तीन वर्षांपूर्वी नागपुरातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयाबाहेर ‘डिजिटल स्कॉलरशिप कक्ष’ अशी पाटी लागली. आठवडा उलटायच्या आत दारात रांग. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकचं फोल्डर, आत उत्पन्नाचा दाखला, जातीचं प्रमाणपत्र, पासबुकाची झेरॉक्स. ‘सर, महाडीबीटीचा फॉर्म इथीच भरून भेटते काय?’ पाटी महिन्याभरात उतरली. मराठीत स्कॉलरशिप म्हणजे शिष्यवृत्ती, म्हणजे खात्यात जमा होणारे पैसे. विद्याव्यासंग हा त्या शब्दाचा दुसरा अर्थ आपल्याकडे कधी उतरलाच नाही, आणि त्यात विद्यार्थ्यांचा काहीच दोष नव्हता.

पाटीमागची कल्पना साधी होती. ग्रंथपालाने देवघेवीच्या टेबलावर न थांबता जुने कागद शोधावेत, त्यांच्या संगणकीय प्रती कराव्यात, त्यांवर काम करणाऱ्या संशोधकाला साथ द्यावी आणि स्वतःही लिहावं. परदेशी विद्यापीठांत या कामासाठी वेगळी पदं आहेत. आपल्याकडे ही भाषा चर्चासत्रांतून आली आणि ती नवी कोरी आहे असं सगळे धरून चालले. काम मात्र नवं नाही. नागपुरात ते किमान शंभर वर्षं चालू आहे. त्याला ‘सूची करणं’ म्हणतात. सूची हे संशोधन की चाकरी, हा वाद त्यामानाने अलीकडचा, आणि हे टिपण मुख्यतः त्या वादाबद्दल आहे.

भोसल्यांचं राज्य खालसा होणं, मध्य प्रांत, त्याला जोडलेला वऱ्हाड, १९५६ ची पुनर्रचना हे इथल्या वाचकाला नव्याने सांगायला नको. आपल्या विषयापुरतं एवढंच, की प्रत्येक उलथापालथीत कागद हलले. ब्रिटिश रेसिडेन्सीच्या इंग्रजी पत्रव्यवहाराचे निवडक खंड १९५० च्या दशकात नागपूरच्या सरकारी छापखान्यातून निघाले, पण त्या काळचे कागद पाहायचे तर दिल्ली आणि लंडन चुकत नाही. १९५६ मध्ये नागपूरची राजधानी गेली तेव्हा जुन्या प्रांताच्या फायलींची भोपाळ आणि नागपूर अशी वाटणी झाली. फायली गेल्या, पण कोणती कुठे गेली हे सांगणारी एकसंध यादी संशोधकाच्या हाती आली नाही. मध्य प्रांतावर काम करणारा विद्यार्थी आजही नागपूर संपवतो आणि भोपाळची गाडी धरतो.

त्याआधी, १९२६ साली, मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची जाडजूड सूची नागपूरहून प्रसिद्ध झाली होती. करणारे रायबहादूर हिरालाल. मठ, मंदिरं, घरोघरचे पोथ्यांचे गठ्ठे त्यात नोंदले गेले. कारंज्याच्या जैन भांडारांतल्या पोथ्याही आल्या, आणि पुढच्या काही वर्षांत पुष्पदंत या अपभ्रंश कवीचे ग्रंथ कारंज्याच्या ग्रंथमालेतून संपादित होऊन बाहेर पडले. त्यातल्या ‘णायकुमारचरिउ’चे संपादक डॉ. हिरालाल जैन, तेव्हा अमरावतीला प्राध्यापक. म्हणजे सूची करणारे एक हिरालाल, ग्रंथ संपादणारे दुसरे हिरालाल, काळ एक, मुलूख एक, विषयही लागून. एका संगणकीय तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये, या दोघांचा एकच माणूस झालेला मी पाहिला आहे. त्याच्या नावावर मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे खंडही होते आणि जैनांचा षट्‌खंडागमही. हा गुंता सोडवायला दोन्ही माणसं ठाऊक असलेलं कुणीतरी लागतं. यंत्राला दोन्ही हिरालाल सारखेच.

त्या सूचीला तेव्हा कुणी कारकुनी म्हटलं नाही. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ आणि नंतर १९३८ ते १९५० या काळातल्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची केली, तिलाही नाही. मराठीत संशोधन करणारा आजही आधी ‘दाते सूची’ उघडतो आणि मग कपाटाकडे जातो. १९२३ साली नागपूर विद्यापीठ निघालं, इथल्या महाविद्यालयांचे संग्रह वाढत गेले, ग्रंथालयशास्त्राचे वर्ग सुरू झाले. त्या मधल्या पाच-सहा दशकांवर मी इथे फार रेंगाळत नाही. तो काळ मी वडीलधाऱ्या सहकाऱ्यांकडून ऐकलेला. माझा काळ त्यानंतरचा.

अभिलेख म्हणजे नेमकं काय

वादाकडे जाण्याआधी एका शब्दाची अडचण सांगायला हवी. ‘आर्काइव्ह’ला मराठीत काय म्हणायचं? सरकारी नाव पुराभिलेखागार. त्याची एक शाखा नागपुरात आहेच. पण प्राचीन इतिहासाच्या अभ्यासकाला अभिलेख म्हणजे दगडावर किंवा ताम्रपटावर कोरलेला लेख. वाकाटकांच्या अभिलेखांवर वा. वि. मिराशींनी ज्या शहरात बसून काम केलं, तिथे हा अर्थ अंगवळणी पडलेला आहे. शेतकऱ्याच्या पोराला अभिलेख म्हणजे भूमिअभिलेख, मोजणीचं ऑफिस. मराठेशाहीचा अभ्यासक आर्काइव्हला दप्तर म्हणतो आणि त्यातल्या गठ्ठ्याला रुमाल. आणि आजच्या विद्यार्थ्याला आर्काइव्ह म्हणजे व्हॉट्सॲपवर नजरेआड सारलेल्या गप्पा. एका बी.ए.च्या मुलीला मी ‘अभिलेखागारात जाऊन ये’ म्हणालो, तर ती आजोबांच्या शेताचा नकाशा घेऊन परतली. नकाशा चांगला होता.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. ग्रंथालय पुस्तकं विषयाने लावतं. मराठी साहित्य म्हटलं की ड्युई वर्गीकरणाचा ८९१.४६, मग ते पुस्तक कुणाच्याही घरून येवो. अभिलेखागाराचा नियम बरोबर उलटा: कागद ज्याच्याकडून आले त्याच्या नावाने आणि त्याने ठेवले त्याच क्रमाने ठेवायचे, कारण क्रम हीच माहिती असते. आम्हा ग्रंथपालांचं सगळं शिक्षण पहिल्या पद्धतीचं. दुसरीची ओळख परीक्षेपुरती, एका प्रश्नाएवढी.

त्याची किंमत मी मोजली आहे. म्हणजे खरं तर दुसऱ्या कुणीतरी मोजली. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत धंतोलीतल्या एका निवृत्त प्राध्यापकांच्या घरून पुस्तकं दान आली. सायकलरिक्षात दोन खेपा. मी उत्साहाने कामाला लागलो. प्रत्येक पुस्तक उघडायचं, झटकायचं, आतलं काय असेल ते काढून टाकायचं, शिक्के मारायचे, ॲक्सेशन नंबर घालायचा, पाठीला लेबल. आतून पोस्टकार्डं निघत होती. नाटकाची तिकिटं, पिंपळाचं जाळीदार पान, समासातल्या टिपणांना जोडलेल्या बारीक अक्षरातल्या चिठ्ठ्या. पोस्टकार्डं एका पाकिटात ठेवली, चिठ्ठ्या केराच्या टोपलीत गेल्या. पुस्तकं विषयवार विखुरली. दहा-बारा वर्षांनी एक संशोधक विद्यार्थिनी आली. तिला सरांनी कोणतं पुस्तक कोणत्या पुस्तकाच्या जोडीने वाचलं होतं ते हवं होतं. माझ्याकडे तिला दाखवायला पोस्टकार्डांचं पाकीट होतं, आणि कोणतं कार्ड कोणत्या पुस्तकातलं याची एका ओळीचीही नोंद नव्हती.

२०१० चा तक्ता

आता मूळ भांडण. महाराष्ट्राच्या विद्यापीठ कायद्यात ‘शिक्षक’ या व्याख्येत ग्रंथपाल बसतो. वेतनश्रेणीही शिक्षकांशी जोडलेली. तरी स्टाफरूममध्ये त्याची खुर्ची कोणती हे कायद्याने ठरत नाही. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाची नवी नियमावली आली आणि तिच्यासोबत गुणांकांची पद्धत, जिला सगळे ‘एपीआय’ म्हणत. बढतीसाठी गुण, गुणांसाठी तक्ता. ग्रंथपालांचा तक्ता वेगळा होता. संग्रहाची मांडणी आणि निगा, वाचकसेवा, तालिकेचं संगणकीकरण ही कामं त्यात एका गटात. शोधनिबंध, पुस्तकं, प्रकल्प, संशोधन मार्गदर्शन दुसऱ्या गटात, आणि या दुसऱ्या गटाचं नाव संशोधन.

सूची पहिल्या गटात गेली. कुणी मुद्दाम अन्याय केला असं मला वाटत नाही. तक्ता करणाऱ्यांच्या डोळ्यापुढे चालू पुस्तकांची तालिका असणार: शीर्षक, लेखक, किंमत, पानं. ती सेवाच आहे. पण जुन्या, नोंद नसलेल्या, मुखपृष्ठ गळालेल्या छापील कागदांची वर्णनात्मक सूची हीसुद्धा त्याच रकान्यात ढकलली गेली. नागपूर-अमरावतीच्या चर्चासत्रांत त्यावर दोन तट पडले. एकाचं म्हणणं: सूचीत गृहीतक नाही, निष्कर्ष नाही, मग संशोधन कसलं? ते उपयोगी काम आहे, त्याचे गुण सेवेत मिळतात, तक्रार कशाला? दुसरा तट म्हणे, एकेक नोंद हाच निष्कर्ष असतो.

मी दुसऱ्या तटातला, हे आतापर्यंत लपलं नसेलच. कारण दाखवतो.

समजा हाती एक पुस्तिका आली. पहिली दोन पानं नाहीत. शेवटच्या पानावर एवढंच: ‘क्षयनाम संवत्सरे, माघ शुद्ध’. पुढचं वाळवीने खाल्लं. संवत्सरांचं चक्र साठ वर्षांचं. क्षय संवत्सर शके १७८८ ला होतं, तसंच शके १८४८ ला. म्हणजे हे पुस्तक १८६७ चं असेल किंवा १९२७ चं. (शकात ७८ मिळवून १८६६ आणि १९२६ लिहिणारे पुष्कळ. पण माघ म्हणजे इंग्रजी नवं वर्ष लागलेलं असतं. तिथे ७९ मिळवायचे. ही चूक छापील याद्यांतसुद्धा भेटते.) आता या दोन वर्षांतलं खरं कोणतं? कागद बोटात धरायचा. घडीवर तुटतो, कडेला चहासारखा रंग आला आहे, म्हणजे लाकडाच्या लगद्याचा, स्वस्त. अक्षर शिळाछाप की खिळ्यांचं? खिळ्यांचं असेल तर जोडाक्षरं कशी पाडली आहेत? किंमत आण्यांत आहे, ती दोन्ही काळांत चालते, म्हणून तिचा उपयोग नाही. मागच्या जाहिरातीत सायकलच्या टायरचं चित्र आहे. संपलं: १९२७. सूचीत ही नोंद एका ओळीची दिसते, ‘[माघ शके १८४८ / १९२७]’. त्या चौकटी कंसात एक दुपार गेलेली असते.

हे संशोधन नसेल, तर मग संशोधनाच्या रकान्यात त्या वर्षांत काय भरलं गेलं ते पाहावं. ‘अमुक जिल्ह्यातील महाविद्यालयांत ई-साधनांचा वापर : एक अभ्यास’. जिल्हा बदलायचा, प्रश्नावली तीच. शंभर प्रश्नावल्या वाटायच्या, ब्याऐंशी परत येतात, बहुतेक वाचक ‘समाधानी’ निघतात, पुढे रंगीत वर्तुळाकार आलेख. पैसे घेऊन आठवड्यात छापणारी नियतकालिकं निघालीच होती. आयोगाने २०१७ मध्ये मान्य नियतकालिकांची यादी काढली, २०१८ मध्ये तिच्यातून चार हजार तीनशेवर नावं एका फटक्यात कमी केली, मग ‘केअर’ नावाची नवी यादी आली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही थांबवल्याची सूचना निघाली. म्हणजे कोणतं लिखाण मानायचं हे ठरवण्यासाठी याद्यांमागून याद्या झाल्या, आणि याद्या करणं हे संशोधन नाही, हा मुद्दा मात्र जागचा हलला नाही. असले दोन निबंध माझ्याही नावावर आहेत. त्यातला एक आज मलाच सापडत नाही. नियतकालिक संकेतस्थळासकट नाहीसं झालं आणि मी छापील प्रत ठेवली नव्हती. ग्रंथपालाने!

दुसऱ्या बाजूचं एक म्हणणं मान्य करायला हवं. त्या तक्त्यामुळेच विदर्भातल्या कितीतरी ग्रंथपालांनी पीएच.डी. केली, पहिल्यांदा लिहायला घेतलं, परिषदांत उभं राहून बोलले. आधी ‘लायब्ररीयन बाई’ म्हणून हाक मारली जायची, ती ‘डॉक्टर मॅडम’ झाली, आणि याचा फायदा ग्रंथालयाच्या अंदाजपत्रकालाही झाला. २०१८ च्या नियमावलीने गुणांची ती आकडेमोड बाजूला ठेवली. नव्या तक्त्यात संग्रहाची पडताळणी आणि गहाळ पुस्तकांचं प्रमाण, ग्रंथसंग्रहाच्या संगणकीय नोंदी आणि मान्य नियतकालिकातला किमान एक शोधनिबंध, असं सगळं एका कागदावर आलं. सूची तिथेही आपल्या नावाने नाही.

शोधगंगेत काय वाहिलं

याच सुमाराला दुसरी गोष्ट घडत होती, आणि ग्रंथपालांचं खरं संशोधन कुठे झालं असेल तर माझ्या मते तिथे, जरी त्याचे निबंध फार झाले नाहीत. २००९ च्या नियमांनी पीएच.डी.च्या प्रबंधाची संगणकीय प्रत पदवीनंतर तीस दिवसांत देणं विद्यापीठांवर बंधनकारक केलं; २०१६ च्या नियमांनी ती पदवी जाहीर होण्याच्या आधीच मागितली. गांधीनगरच्या केंद्राचं ‘शोधगंगा’ हे भांडार त्यातून भरत गेलं. प्रबंध गोळा करणं, पानं तपासणं, प्रकरणवार फायली करणं, नोंदी भरणं हे काम ग्रंथालयांकडे आलं.

तोवर प्रबंध म्हणजे काळ्या-लाल रेक्झिनच्या बांधणीत, सोनेरी अक्षरांत, कुलुपाच्या कपाटात. बाहेरचा माणूस आला तर संदर्भ विभागात बसून बघायचा, झेरॉक्स नाही. ते आता जगाला दिसणार म्हटल्यावर गडबड झाली. काही मार्गदर्शक फोन करून विचारत, ‘जुनेसुद्धा टाकणार का?’ त्या प्रश्नामागची भीती कसली, हे सांगायला नको. पण प्रामाणिक आक्षेपही होते. ज्यांनी १९८० साली प्रबंध दिला, त्यांनी तो मोजक्या परीक्षकांसाठी लिहिला होता, सगळ्या जगासाठी नाही; त्यात लोकांच्या मुलाखती होत्या, गावांची नावं होती. त्यांची परवानगी कुणी घ्यायची? लेखक हयात नसेल तर? नियम नव्या प्रबंधांबद्दल स्पष्ट होते. जुन्यांच्या बाबतीत ज्याने त्याने आपापलं पाहिलं.

मराठी प्रबंधांची अडचण आणखी वेगळी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण सीताबर्डीवरच्या डीटीपीच्या दुकानांत ते पोचायला वीस वर्षं लागली. प्रबंध टंकले जात ते जुन्या फॉन्टांत. पीडीएफ उघडली की अक्षर सुबक दिसतं. शोधाच्या चौकटीत ‘मराठी’ टाका, काहीच सापडत नाही. प्रबंध कृतिदेवमध्ये असेल तर तिथे संगणकाच्या लेखी ‘मराठी’ हा शब्दच नाही. इंग्रजी ई, जे, के, बी, एच ही पाच अक्षरं ओळीने आहेत आणि त्यांना मराठीचा मुखवटा चढवला आहे. मुखवट्याची फाइल हरवली की तेवढी पाच अक्षरं उरतात. तीनशे पानांचा मराठी साहित्यावरचा प्रबंध, शोधयंत्राच्या दृष्टीने एकही मराठी शब्द नसलेला. मूळ टंकलेली फाइल मिळाली तर रूपांतर करता येतं, पण रूपांतरात रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडतात, ‘ऱ्य’ची खूण उडते, ‘वाऱ्या’चा ‘वार्‍या’ होतो की ‘वार्या’ हे प्रत्येक ठिकाणी डोळ्यांनी बघावं लागतं. आमच्याकडे एक कंत्राटी सहायक होती. तिने उन्हाळ्याच्या सुटीत, कूलरचा झोत कागदावर येऊ नये म्हणून पाठ त्याच्याकडे करून, अशा रूपांतरांतल्या चुकांची एक वही भरली. कोणत्या फॉन्टात कोणतं जोडाक्षर कसं बिघडतं, त्याचे नमुने. मला विचाराल तर त्या दशकातलं इथलं सगळ्यात उपयोगी भाषिक संशोधन त्या वहीत होतं.

नावांचाही घोळ झाला. १९८३ साली अमरावती विद्यापीठ वेगळं निघालं, २०११ मध्ये गोंडवाना. अमरावतीच्या एखाद्या महाविद्यालयातला १९७५ चा प्रबंध नागपूरचा, १९९५ चा अमरावतीचा. नागपूर विद्यापीठाचं स्वतःचं नाव २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ. जुन्या प्रबंधाच्या नोंदीत त्या वेळचं नाव ठेवायचं की आजचं? ग्रंथालयशास्त्राचं उत्तर: दोन्ही, आणि मध्ये दुवा. प्रत्यक्षात ज्याने जी नोंद भरली त्याने आपल्या मनाने भरली.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात

पुस्तकांच्या बाबतीत २००० नंतरच्या दशकात देशभर जुनी पुस्तकं स्कॅन करण्याचा मोठा प्रकल्प झाला, डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया. लाखो पुस्तकं उतरली. नोंदी मात्र रोमन लिपीत, मध्येच अवतरणचिन्हं घातलेल्या अशा तऱ्हेवाईक लिप्यंतरात, की ‘महाराष्ट्र’ शोधायचा तर आधी तो तिथे कसा लिहिला असेल याचा अंदाज बांधावा लागे. कॉपीराइटच्या प्रश्नावर २०१७ च्या सुमाराला ते संकेतस्थळ बंद पडलं. फायलींच्या प्रती परदेशातल्या एका मुक्त संग्रहात राहिल्या म्हणून वाचल्या. २०१८ च्या जूनमध्ये खरगपूरच्या आयआयटीतून चालणारं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय देशाला अर्पण झालं. ते मुख्यतः ठिकठिकाणच्या नोंदी एकत्र दाखवतं. त्यामुळे मूळ नोंद चुकली असेल तर आता चूकही राष्ट्रीय होते.

कॉपीराइटबद्दल ग्रंथपालांत जितकी भीती आहे तितकी माहिती नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. २०१२ च्या दुरुस्तीने सार्वजनिक, बिनव्यापारी ग्रंथालयाला आपल्याकडे छापील प्रत असलेल्या पुस्तकाची जतनासाठी संगणकीय प्रत ठेवायला मुभा दिली. जतन करायला मुभा आहे, वाटायला नाही. हा फरक न कळल्याने काहींनी सगळंच खुलं केलं आणि पुष्कळांनी काहीच केलं नाही. दरम्यान जुन्या साप्ताहिकांचे अंक मेच्या पंचेचाळीस अंशांत वाळून पावसाळ्यात ओल धरत राहिले.

महानुभावांच्या पोथ्यांचं वेगळं आहे. सकळ या त्यांच्या सांकेतिक लिपीतली पोथी स्कॅन केली की पानांची छायाचित्रं मिळतात, वाचता येणारा मजकूर नाही. लिपीची किल्ली विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासकांच्या हाती आली, पण ती हाताळणारे आज मोजकेच. महानुभावांचं क्षेत्र असलेल्या रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभं राहतंय, तर हे काम तिथे व्हावं ही अपेक्षा रास्त आहे. मोडीचं देवनागरीकरण करणारी संगणकीय प्रारूपंही येऊ लागली आहेत. त्यांना शिकवायला आधी माणसाने वाचून बिनचूक लिहिलेली पानं लागतात, म्हणजे पुन्हा तेच रकान्यात न बसणारं काम.

आणि १ जानेवारी २०२५ पासून ‘एक देश, एक वर्गणी’ ही केंद्र सरकारची योजना. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, तेरा हजारांच्या आसपास नियतकालिकं, सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांना घरबसल्या. फार मोठी सोय आहे, यात वाद नाही. पण तिची यादी बहुतांशी इंग्रजी विज्ञानाची. विदर्भातला शेतीप्रश्न, झाडीपट्टीची नाटकं किंवा नागपुरातली आंबेडकरी चळवळ यांवर काम करणाऱ्याला जे कागद लागतात ते कुठल्याही प्रकाशकाकडून वर्गणीत मिळत नाहीत. ते इथल्याच कपाटांत आहेत, आणि काही कपाटांतसुद्धा नाहीत.

दीक्षाभूमीचंच घ्या. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांचे स्टॉल लागतात. दहा-वीस रुपयांच्या पुस्तिका, गाण्यांची चोपडी, गावोगावच्या मंडळांनी काढलेली स्मरणिका, कवीने स्वखर्चाने छापलेला सोळा पानी संग्रह. यातल्या पुष्कळांना आयएसबीएन नाही. महाविद्यालयाने पुस्तक घ्यायचं तर दरपत्रक हवं, बिल हवं. जमिनीवर चादर अंथरून बसलेल्या माणसाकडे बिलबुक नसतं. म्हणून वर्षानुवर्षं हे साहित्य हजारो घरांत गेलं आणि ग्रंथालयाच्या दाखल-नोंदवहीत आलं नाही. पुढच्या संशोधकाला ते ‘उपलब्ध नाही’ असं दिसणार, कारण आम्ही ते उपलब्ध केलं नाही.

माझ्या ओळखीची एक तरुण ग्रंथपाल काही वर्षांपासून दसऱ्याच्या सुमाराला पाठीला सॅक लावून तिथे जाते आणि स्वतःच्या पैशाने पुस्तिका विकत घेते. मुद्रणस्थळ नसेल तर विकणाऱ्यालाच विचारून टिपून घेते: कुठे छापलं, किती प्रती काढल्या, मागच्या वर्षी आणलं होतं का. एका काकांनी तिला आधी आयकरवाली समजून नीट उत्तर दिलं नाही. पुढच्या वर्षी त्यांनीच तिच्यासाठी तीन पुस्तिका बाजूला काढून ठेवल्या. पानाला नोंद, नोंदीला वर्णन, विकणाऱ्याने सांगितलेलं वेगळ्या रंगात. एक्सेलच्या तक्त्यात ही सूची वाढत चालली आहे. यंदा महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालासाठी माहिती मागवली तेव्हा ती कुठे भरायची म्हणून तिने मला फोन केला. संशोधनात घालायला शोधनिबंध हवा, ग्रंथालय सेवेत घालायला पुस्तिका नोंदवहीत चढलेल्या हव्यात. आम्ही दोघांनी सगळा नमुना खाली-वर पाहिला. शेवटी तिने ती ‘इतर उपक्रम’मध्ये टाकली, वृक्षारोपणाच्या खाली.